नेम सुटू नये
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि चार माणसांत उभे राहिले की पाय कापतात. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या ख्रिस्ती लोकांच्या साधनेविषयी दोन शब्द बोला," म्हणून उभी राहिले.

साधना हा फार मोठा शब्द झाला. आमच्या घरी त्याला नेम म्हणतात. पहाटे उठायचे, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा आणि प्रार्थना करायची. एवढाच तो नेम.

हा नेम एकदा माझ्या हातून सुटला. माझी धाकटी मुलगी तापाने गेली, तेव्हा. वाटे, आता देवाशी बोलायचे तरी काय? शास्त्र फडताळात ठेवून दिले. सासूबाई रागावल्या नाहीत. त्या रोज पहाटे चटई अंथरीत, ती दोघींपुरती. आठवड्याने म्हणाल्या, "सूनबाई, प्रार्थना करू नकोस. नुसती जवळ येऊन बस." मी बसले. त्या वाचीत, मी भिंतीकडे बघत राही. असे कितीतरी महिने गेले.

त्याच दिवसांत त्यांनी मला पंडिता रमाबाईंची हकिकत सांगितली. बाईंनी काय कमी सोसले? तरुणपणीच दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पदरी लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि पुढे केडगावला मुक्ती सदन. निराधार बायकांचे ते माहेरच झाले.

एवढा व्याप सांभाळून त्यांनी सगळे पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतले. त्यासाठी इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या. साध्या बाईला वाचून कळावे, हा त्यांचा हेतू. त्या कामाला वर्षांमागून वर्षे लागली. कानांनी ऐकू येईनासे झाले, तरी काम चालूच. छापखानाही मुक्तीतलाच, आणि खिळे जुळवायला तिथल्याच बायका. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची, हाताशी आलेली एकुलती एक लेक! त्यानंतरही बाईंनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ साली त्यांचे पूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले.

हे ऐकून माझे दुःख कमी झाले, असे मी म्हणणार नाही. पण एक उमगले. मन लागले तरच प्रार्थना करायची, असे मी धरून चालले होते. भूक नसली तरी आपण घरच्यांसाठी भाकरी थापतोच ना? तसाच नेमही चालवायचा. एका पहाटे सासूबाईंची प्रार्थना संपली, आणि माझ्याच तोंडून माझ्या मुलीचे नाव निघाले. त्या दिवशी पुष्कळ रडले. दुसऱ्या दिवशी चटई मी अंथरली.

आज सासूबाई नाहीत. चटई आहे, नेमही आहे. "लेक का नेलीस?" याचे उत्तर प्रभूने मला दिलेले नाही. तरी मी रोज त्याच्यापाशी बसते.

मैत्रिणींनो, आपापला धर्म कोणताही असो, नेम एकटीने टिकत नाही. शेजारच्या घरी दुःख झाले, तर उपदेश करू नका. तिच्याजवळ नुसत्या जाऊन बसा, आणि दुसऱ्या दिवशीही जा. आपल्या मंडळाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.