सभा चालविण्याचे शिक्षण



ज्या गुरुवर्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. माध्यमिक शाळेत नेतृत्वाचे शिक्षण कसे द्यावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा संयोजकांनी केली आहे. नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठावरचा, गळ्यात हार घातलेला माणूस येतो. शाळेतही आपण तेच चित्र गिरवितो. पहिला क्रमांक मिळविणारा, खणखणीत आवाजाचा मुलगा वर्गनायक होतो आणि वर्षभर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. हा पहारा झाला. सर्वांचे काम सर्वांच्या संमतीने पार पाडणे आणि आपण बाजूला झालो तरी ते चालू राहील अशी व्यवस्था लावणे, याला मी नेतृत्व म्हणतो. या कसोटीवर आपल्या सुरत शहराच्या इतिहासातील दोन सभा तपासून पाहू.

पहिली सभा दोन शिक्षकांच्या पुढाकाराने उभी राहिली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० नंतरच्या वर्षांत येथील सरकारी इंग्रजी शाळेत शिकवीत होते. गुजराती शाळेतील दुर्गाराम मेहताजी हे त्यांचे स्नेही. या दोघांनी काही सहकाऱ्यांसह २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. माणसाची योग्यता जन्मावरून न ठरविता गुणांवरून ठरवावी, हे तिचे एक प्रमुख तत्त्व होते. जातिभेद, विधवांची स्थिती, मंत्रतंत्र यांविषयी तेथे उघड चर्चा होत असे. मांत्रिकांनी आपली सिद्धी सर्वांसमक्ष दाखवावी, असे आव्हान दुर्गारामांनी दिले होते. सभेत काय घडले याच्या नोंदीही ते ठेवीत. महीपतराम रूपराम यांना त्यांचे चरित्र लिहिताना त्या उपयोगी पडल्या. एक मराठी आणि एक गुजराती शिक्षक एकत्र येऊन शहराला प्रश्न विचारावयास शिकवितात, ही गोष्ट आजही अभिमानाची आहे. परंतु १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गारामांची राजकोटला बदली झाली आणि सभा मावळली. तिचा भार वाहणारी दुसरी फळी तयार झाली नव्हती.

दुसरी सभा तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहे. १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला व्हावयाचे होते. तेथील वादामुळे ते सुरतेस आणले गेले. अध्यक्षपदी रासबिहारी घोष होते. २६ डिसेंबरला गोंधळामुळे काम तहकूब झाले. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. त्यांना बोलू दिले जाईना आणि ते जागचे हलेनात. तेवढ्यात एक जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या उडाल्या आणि पोलिसांना मंडप मोकळा करावा लागला. दुभंगलेली काँग्रेस १९१६ मध्ये लखनौला पुन्हा एक झाली. त्या मंडपात विद्वत्ता होती, त्याग होता, वक्तृत्व तर अपार होते. न पटणारे मत शेवटपर्यंत ऐकून घेण्याची तयारी मात्र त्या दिवशी कोणत्याच बाजूला उरली नव्हती.

योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर सोपविली. स्काउट चळवळीचा तो प्रारंभ होय. लष्करी पेशातल्या त्या माणसाने हुकूम देण्याचा अधिकार मुलांत वाटून टाकला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या वर्गांकडे पाहू. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून यंत्रमागाच्या आणि कापडाच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले लिंबायत, उधना, डिंडोली भागांत वाढतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कचेरीत गुजराती अशा चार भाषांतून त्यांचा दिवस जातो. वडिलांचा बँकेचा अर्ज भरणारी, आईबरोबर दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचे बोलणे समजावून सांगणारी, धाकट्यांना शाळेत पोहोचविणारी नववीतली मुलगी मी अनेकदा पाहिली आहे. वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसते. घर चालविणाऱ्या या मुलीला आपण कधी वर्गनायिका केले आहे काय? तिला आपण ओळखले नाही, तर दहावीनंतर तिची शाळा सुटते आणि तिच्या अंगचे गुण कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, वर्गनायकपद दर महिन्याला बदलावे आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला सर्व काम लेखी सोपवावे. दादोबा-दुर्गारामांच्या सभेत जे राहून गेले, ते यातून साधेल. दुसरी, आठवड्यातून एक तास वर्गसभा भरावी. मुलांनीच अध्यक्ष निवडावा, इतिवृत्त लिहावे, आणि ठरावाविरुद्ध मत देणाऱ्याचे म्हणणेही त्यात नोंदवावे. उत्तर देण्यापूर्वी विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, हा नियम पाळला तरी पुष्कळ झाले. तिसरी, कामे खरी द्यावीत. सहलीचा जमाखर्च, ग्रंथालयाची देवघेव, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था मुलांकडे सोपवावी. हिशेबात दहा रुपये कमी पडले, तर शिक्षकांनी ते गुपचूप भरू नयेत. चूक कोठे झाली ते वर्गसभेत मुलांनाच शोधू द्यावे.

पालक विचारतील, याने दहावीचे गुण वाढतील काय? तसे वचन मी देणार नाही. आठवड्याचा एक तास अभ्यासातून जाईल, हेही खरे. पण आपली मुले उद्या कारखान्यात, सोसायटीत, महापालिकेत ज्या बैठकांना बसतील, तेथे त्यांना बोलता यावे आणि दुसऱ्याचे ऐकता यावे, ही जबाबदारी शाळेने घेतली नाही तर दुसरे कोण घेणार?

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. शाळेला देणगी तर द्याच. पण वर्षातून एकदा या वर्गसभेला या, मागच्या बाकावर बसा आणि मुलांचे शेवटपर्यंत ऐका.