दादऱ्यातला नाताळ

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की अमरावतीत गाण्यांची गर्दी होते. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. त्या दिवसांत गाडगेनगरच्या समाधीवर भजन-कीर्तनाचा गजर चालू असतो. तो ओसरतो न ओसरतो तोच शहरातल्या चर्चच्या आवारांत पेटीच्या भात्यावरची धूळ झटकली जाते, ढोलकीच्या कड्या ठोकल्या जातात, आणि यंदा कोणतं पद आधी घ्यायचं यावरून पाळकसाहेबांसमोर तरुण संघ आणि महिला मंडळ यांचं दरवर्षीचं भांडण सुरू होतं. अकोल्यात, खामगावात, अचलपुरातही थोड्याफार फरकानं हेच.

या मंडळींच्या नाताळच्या आठवणी काढायला लागलं, तर पहिली येते ती कॅरलची फेरी. रात्री जेवणं आटोपली की दहा-पंधरा माणसं निघतात. पुढे चांदणीचा कंदील, मागे ढोलकी, झांजा, डफ, आणि एकाच्या गळ्यात मफलरीनं बांधलेली पेटी. वऱ्हाडचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण डिसेंबरातली इथली रात्र बोटं आखडून टाकते हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. डफाचं कातडं दवानं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग कुठल्याशा नाक्यावर चौकीदारानं पेटवलेल्या शेकोटीवर डफ धरायचा, बोटानं टकटक करून पाहायचं, पुन्हा धरायचा. तोवर मागून एखादे म्हातारबुवा ओरडतात, ‘‘पेटी सांभायून धरा रे पोरांनो!’’ दारात गेलं की आधी ‘सलाम’, मग दोन-तीन गाणी, छोटी प्रार्थना, आणि मग चहाबरोबर करंजी, चिवडा, शंकरपाळे. मराठी ख्रिस्ती घरातला नाताळचा फराळ दिवाळीच्या फराळाचा सख्खा भाऊच असतो. शेवटच्या घरी पोचेपर्यंत गाणाऱ्यांचा गळा बसलेला आणि पोट भरलेलं, अशी अवस्था असते.

या फेरीत हमखास म्हटलं जाणारं एक गाणं ऑस्ट्रियाचं आहे. १८१८ सालच्या २४ डिसेंबरला ओबर्नडॉर्फ नावाच्या छोट्या गावात योसेफ मोर या तरुण धर्मगुरूनं आपली कविता फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरांना दिली, त्यांनी तिला चाल लावली, आणि त्याच रात्री दोघांनी ती गिटारवर म्हटली. हेच ते ‘सायलेंट नाईट’. पुढे ते जगभरच्या भाषांत गेलं, तसं मराठीतही आलं. मूळ चाल सहा मात्रांच्या झोक्याची आहे, बाळाला थोपटावं अशी. आणि सहा मात्रा म्हटलं की आपल्याकडच्या ढोलकीवाल्याला कुणी काही शिकवावं लागत नाही. त्याचा हात आपोआप दादऱ्यावर पडतो: धा धिं ना, धा तिं ना. ओबर्नडॉर्फच्या मास्तरांनी कधी ऐकला नसेल असा ठेका त्यांच्या गाण्याला वऱ्हाडात इतका चपखल बसला आहे, की ऑर्गनवरचं बिनठेक्याचं रूप ऐकलं तर इथल्या जुन्या माणसांना ते जरा उघडंबोडकंच वाटतं.

‘जॉय टू द वर्ल्ड’ची गंमत आणखी वेगळी. शब्द आयझॅक वॉट्सचे, १७१९ सालचे, अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रावरून घेतलेले. चाल बसवली ती अमेरिकेतल्या लोवेल मेसन यांनी, एकोणिसाव्या शतकात. तिची पहिली ओळ पेटीवर वाजवून पाहावी. वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत सगळे शुद्ध स्वर ओळीनं उतरतात: सां नी ध प म ग रे सा. म्हणजे बिलावल थाटाचा सरळ अवरोह! पेटी शिकणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात जे घोटून घेतात, तेच. त्यामुळे वऱ्हाडातल्या कित्येक मुलांच्या बोटांत पहिलं ‘पूर्ण गाणं’ बसलं ते हे, आणि पन्नाशी उलटल्यावरही ती ओळ कानी पडली की त्यांची बोटं टेबलावर चालायला लागतात.

हे झालं परदेशी चालींचं. पण इथल्या मंडळीची खरी पुंजी वेगळी आहे, आणि ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मागे ठेवली आहे.

टिळक जन्मानं कोकणातले, कामानं नाशिक-नगरचे. तरी त्यांच्या आयुष्याचं वळण विदर्भात आहे. १८९०च्या सुमाराला ते नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर प्रार्थनेला बसल्यावर या कवीच्या कानाला जे खटकलं, ते आजही कुणाच्याही कानाला खटकेल. विलायती चालींत कोंबलेलं मराठी! चाल लांबते तिथे शब्द आखूड, चाल तुटते तिथे शब्द लांब, ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण, आणि अर्थ कुठल्या कुठे. नगरचे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी त्याआधीच देशी वळणाची पदं रचायला सुरुवात केली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजरस्ता केला. अभंग, ओवी, पदं, कीर्तनाची चाल. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि त्यांच्या गीतांत तो पूल जागोजाग दिसतो. ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळींचं गीतांचं पुस्तक उघडलं की ख्रिस्तजन्माच्या विभागातही टिळक भेटतात. वऱ्हाड हा पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी करणारा मुलूख. ज्या घरांत अभंग आधीपासून होताच, तिथे ही गाणी शिकवावी लागली नाहीत.

१९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे नेऊन पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी उरलेला ख्रिस्त ओवीत पुरा केला, हे मात्र फार कमी लोक सांगतात. नाताळची मराठी गाणी म्हणताना टिळकांचं नाव घेतलं जातं, तेवढंच त्यांचंही घ्यायला हवं.

ही गाणी अकोल्या-अमरावतीत मुरली कशी, याची गोष्ट मात्र काही गोडधोड नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आणि लगोलग १८९९-१९०० चा. वऱ्हाडात कापूस पिकत होता, पण कापूस खाता येत नाही. रस्तोरस्ती पोरकी मुलं. अमेरिकेतून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनं अकोल्यात ठाण मांडलं होतं. त्यांनी अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. तिकडे एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, आणि वर चिखलदरा, या पट्ट्यात कोरकूंसाठी निघालेलं वेगळं मिशन काम करत होतं. आश्रमातल्या मुलांना सुतारकाम, शिवण, अक्षरओळख मिळाली आणि रोज सकाळ-संध्याकाळ गाणं मिळालं. आईबाप आठवत नाहीत, गाव आठवत नाही, पण पहिल्या नाताळातलं पद आठवतं, अशी ती पिढी. पुढे याच मुलामुलींतून मास्तर, नर्सबाई, बायबलबाई निघाल्या, मिशन कंपाउंडात त्यांचे संसार उभे राहिले आणि अंगाईसारखी ती पदं नातवंडांपर्यंत आली. आज अकोल्यातल्या एखाद्या आजीबाई पुस्तक न उघडता सगळी कडवी म्हणतात, त्यामागे एवढं सगळं आहे. मेळघाटात कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिकडच्या भजनांचा ठेका आणखी निराळा, पावलांवर बेतलेला.

आणि पेटी? ती स्वतःच पाहुणी. पॅरिसच्या देबेंनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायची ती मोठी पेटी मिशनऱ्यांबरोबर इथे आली, आणि कलकत्त्याच्या कारागिरांनी तिला मांडीएवढी करून हाताच्या भात्यावर आणलं. आता रेडिओवरून हे सांगताना थोडी जीभ चावावी लागते, कारण याच आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं. भारतीय संगीतातल्या श्रुती आणि मींड या वाद्यावर निघत नाहीत, असा आक्षेप होता. तो शास्त्राला धरून होताही. तीस-एक वर्षांनी, १९७१च्या सुमाराला, ते दार किलकिलं झालं. मधल्या काळात नभोवाणीवर जिला मज्जाव होता, ती पेटी अकोल्याच्या गल्ल्यांत दर नाताळला बिनदिक्कत वाजत होती. श्रुतींची तक्रार घेऊन कुणी आलं नाही.

रेडिओनं वऱ्हाडला नाताळची वेगळीच गाणी दिली. रेल्वे क्वार्टरमध्ये, बडनेऱ्याला, अकोल्याला, मर्फीच्या सेटवर रेडिओ सिलोन लागायचं आणि त्यातून जिम रीव्हज यायचा. त्याचा ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ हा संग्रह १९६३चा. पुढच्याच वर्षी जुलैत विमान अपघातात तो गेला. भारतात मात्र तो नंतर कितीतरी वर्षं जिवंत राहिला, आधी तबकडीवर, मग कॅसेटवर. मग १९७८ साली बोनी एमनं बेलाफॉन्टेचं जुनं ‘मेरीज बॉय चाइल्ड’ नाचरं करून आणलं, आणि तरुण संघाला जोर आला. वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. आज तेच तरुण संघवाले वडीलधारे झालेत आणि नाकं मुरडण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे.

नाताळची गाणी ख्रिस्ती घरांपुरती राहिली नाहीत, याचं श्रेय शाळांना द्यावं लागेल. अमरावतीचं होली क्रॉस, अकोल्याचं माउंट कार्मेल, अशा शाळांत शिकलेली हिंदू, बौद्ध, मुस्लिम घरांतली हजारो मुलं गॅदरिंगमध्ये ‘जिंगल बेल्स’ म्हणून गेली. हे गाणं जेम्स पिअरपाँटचं, १८५७ सालचं, आणि मुळात त्यात नाताळाचा उल्लेखच नाही; घोड्याच्या घसरगाडीतून बर्फावर फिरण्याची मौज, इतकंच. १९६५च्या डिसेंबरात जेमिनी यानातल्या दोघा अंतराळवीरांनी तोंडानं वाजवायच्या बाज्यावर आणि छोट्या घुंगरांवर ते वाजवलं, आणि अवकाशात वाजलेलं ते पहिलं गाणं ठरलं. इथल्या पोरांना त्याचं काय! त्यांच्या लक्षात राहिला तो स्टेजवरचा बर्फ. हा बर्फ अर्थातच कापसाचा. कुणाच्या तरी शेतातून पिशवीभर आलेला, सरकी तशीच आत असलेला, त्यामुळे नाताळबाबाच्या दाढीत मधूनच काळी बी दिसायची. गव्हाणीला भिंती पऱ्हाटीच्या, छप्पर कडब्याचं, आणि बाळ येशूच्या खाली कुटार. बेथलेहेमच्या गोठ्याला याहून जवळचं नेपथ्य कुठल्या युरोपीय कॅथीड्रलनं केलं असेल असं वाटत नाही.

तीच गत संत्र्याची. विलायतेत एके काळी नाताळला मोज्यात एक संत्रं मिळालं तर पोर हरखून जायचं. वरूड-मोर्शीच्या मुलाला ही गोष्ट धड्यात वाचायला मिळाली, तर तो मास्तरांकडे संशयानं पाहील.

कॅथलिक देवळांतला बदल अलीकडचा. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ साली झाला, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात, लोकभाषेला वाट मिळाली आणि मध्यरात्रीच्या मिस्सेत मराठी गाणं शिरलं. यवतमाळची गोष्ट तर औरच होती. तिथे १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येत. एकाच अंगणात किती भाषांत नाताळ म्हटला गेला असेल! पुढे ती संस्था पुण्याला हलली.

वऱ्हाडची बरीच ख्रिस्ती तरुण मंडळीही पुण्या-मुंबईकडे हलली. त्यांच्या फोनवर डिसेंबरात ‘व्हाइट ख्रिसमस’ असतं. ते लिहिणारे अर्विंग बर्लिन रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. १९२८ साली नेमक्या २५ डिसेंबरला त्यांचा जेमतेम तीन आठवड्यांचा मुलगा गेला होता. १९४२ मध्ये बिंग क्रॉस्बीच्या आवाजात ते गाणं निघालं, तेव्हा घरापासून दूर असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ते उचललं. हिंजवडीतल्या भाड्याच्या खोलीत एखादी अकोल्याची मुलगी ते ऐकते, तेव्हा तिला बर्फ आठवण्याचं काही कारण नाही. तिला आठवतो दादरा, आणि आजीचं ते एक कडवं, ज्यात भाषांतरकारानं दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या जागी दामटून बसवलेलं आहे. टिळकांचा कान ते ऐकून वैतागला असता. पण आजीनं तसंच म्हटलं, म्हणून नातीलाही तसंच हवं. गाणं उत्तम असणं आणि गाणं आपलं असणं यांचा हिशेब प्रत्येक वेळी जुळतोच असं नाही.

यंदाही फेरी निघेल. ढोलकीच्या जोडीला आता कीबोर्ड आलाय, ट्रॅकवर गाणारी मुलं आहेत, नव्या मराठी गीतांना गिटारचा बाज आहे. साउंडवाला मात्र बहुधा गावातला नेहमीचाच. २० तारखेला गाडगेबाबांच्या कार्यक्रमात त्याचे भोंगे लागलेले असतात, २४च्या रात्री चर्चमध्ये, आणि २७ला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला. चर्चमध्ये माइक लावताना तो दरवर्षी एकच प्रश्न विचारतो: ‘‘पेटीले वेगळा माइक लागन का, पाळकसाहेब?’’