खोड्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

लस टोचताना गुरे बिथरू नयेत म्हणून त्यांना खोड्यात उभे करतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, नातलगांच्या गुरांच्या वाडीवर, एका शाळकरी मुलीने हे दृश्य पाहिले. दोन्ही बाजूंच्या फळ्यांचा दाब बसताच काही भेदरलेली जनावरे शांत होत. १९४७ साली बॉस्टन येथे जन्मलेली ही मुलगी म्हणजे टेम्पल ग्रँडिन. ती स्वमग्न होती. माणसाचा स्पर्श तिला सोसत नसे, आणि मन सदैव धास्तावलेले असे. अठराव्या वर्षी तिने स्वतःसाठी तसाच एक लाकडी खोडा बनविला. त्यात शिरले की तिच्या मनाला स्वस्थता लाभे.

हे विक्षिप्त यंत्र काढून घ्यावे, असे शाळेतील काही मंडळींचे मत पडले. विल्यम कारलॉक या विज्ञानशिक्षकांनी मात्र निराळा मार्ग धरला. दाबामुळे मन शांत का होते, हे जाणावयाचे असेल तर शास्त्र शिकले पाहिजे, असे सांगून त्यांनी तिला शास्त्रीय निबंध शोधून वाचण्यास शिकविले. पुढे महाविद्यालयातील इतर विद्यार्थ्यांनाही यंत्रात बसवून तिने दाबाचा परिणाम तपासला. बीजगणित तिला जमत नसे, कारण त्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नसे. तरीही १९७० साली ती मानसशास्त्राची पदवीधर झाली, १९८९ साली पशुविज्ञानाची डॉक्टरेट मिळवून पुढे प्राध्यापक झाली, आणि १९९२ साली दाबाच्या शामक परिणामावरील तिचा निबंध प्रसिद्ध झाला.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोहोंना मान्यता दिली आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. परंतु परीक्षा संपते तेथे सवलतही संपते. संशोधनाचे काम प्रयोगशाळेत चालते. तेथे सूचना तोंडी व घाईने दिल्या जातात, यंत्रांचा गोंगाट असतो, आणि गटात चटकन न मिसळणारा विद्यार्थी निरुत्साही ठरतो. अशा विद्यार्थ्याला क्रमवार लेखी सूचना, एखादी आकृती, कोपऱ्यातील शांत मेज एवढेही पुष्कळ होते. यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. कारलॉक यांनीही विद्यार्थिनीचा नाद मोडला नाही. त्या नादात दडलेला प्रश्न तेवढा तिच्या हाती दिला.