तडकलेली चकती



आज मी सॉफ्टवेअरमध्ये असले, तरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प इंधनघटाच्या सिरॅमिक चकतीचा होता. झिर्कोनियात 8 मोल टक्के इट्रिया मिसळला, की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. 800 अंशांच्या आसपास त्यांतून ऑक्सिजनचे आयन सरकतात. वायू मात्र गळता कामा नये. नॅनोकणांची पूड कमी तापमानालाही घट्ट भाजली जाते. पण तिला बांधणारा चिकट पदार्थ आधी सावकाश जळून जावा लागतो. मी भट्टी घाईने तापवली, चकती तडकली.

दुसरी करायला वेळ नव्हता. बाई, तुम्ही गणिताच्या तासाला सांगायचात, “उत्तर चुकलं तरी पायऱ्या खोडू नका.” तीच चकती मी कारणासह परीक्षकांपुढे ठेवली. आज कोडमधली चूकही लपवत नाही. ही सवय तुमची!