यंत्राच्या फिरत्या हाताचा भार

सातारा-सांगलीकडील घराघरांत दिवाळीच्या आधीं चकलीचा सोऱ्या बाहेर निघतो. भाजणीचें पीठ पितळी नळींत भरावयाचें, वरून दाब द्यावयाचा आणि त्याच वेळीं हात गोल फिरवावयाचा. पहिल्या घाण्याला वेढे सुबक पडतात. दहाव्या घाण्याला मनगट भरून येतें आणि वेढे वेडेवांकडे होतात. दोष पिठाचा नसतो. दाबणें आणि फिरणें हीं दोन्ही कामें जड सोऱ्यासह एकाच हाताला करावीं लागतात, त्याचा तो परिणाम असतो.

टेबलावर मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या छापयंत्रापुढें हीच अडचण उभी राहते. या यंत्रांत बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार वापरतात. ‘एक्स्ट्रूडर’ नांवाचा भाग ती दांतेरी चाकांत पकडून पुढें रेटतो. सुमारें २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेनें ती वितळते, ०.४ मिलिमीटर छिद्रांतून बाहेर पडते आणि थरावर थर चढून वस्तु तयार होते. एक मिलिमीटर तार रेटली कीं छिद्राएवढ्या जाडीचा सुमारें १९ मिलिमीटर धागा निघतो. म्हणजे जोर पुष्कळ हवा, वेग थोडा पुरे.

जोर म्हटला कीं मोटार आली. या कामाची नेहमीची मोटार पाव किलोच्या आसपास भरते. ती फिरत्या मुखावर बसविली, तर प्रत्येक कोपऱ्यावर तें ओझें थांबवून वळवावें लागतें. वेग वाढतांच सांगाडा थरथरतो, वस्तूच्या भिंतीवर लाटा उमटतात, आणि थरथर फार झाल्यास मापेंहि चुकतात. तासगांवच्या द्राक्षबागाइतदारासाठीं फवारणी-पंपाचा तुटलेला भाग असा छापला, तर तो जागेवर बसत नाहीं आणि फवारणीचा दिवस वायां जातो.

यावर पहिला उपाय असा, कीं मोटार सांगाड्यावर स्थिर ठेवावी आणि तार लांब नळींतून मुखापर्यंत पोंचवावी. सायकलच्या ब्रेकची तार आवरणांतून जाते, तशीच ही रचना. तिचें ‘बाउडेन’ हें नांवहि त्या तारेवरूनच पडलें. मुख हलकें होतें खरें. परंतु नळी आंतून सुमारें दोन मिलिमीटर असते. त्या मोकळ्या जागेंत तार वांकते आणि मोटारीची आज्ञा मुखाला उशिरा कळते. रबरासारखी मऊ तार तर वाटेंतच अडते.

दुसरा उपाय म्हणजे मोटार मुखावरच, पण बारीक चणीची ठेवावी आणि जोर दांतेरी चाकांनीं वाढवावा. एकास तीन या प्रमाणानें वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर, घर्षणाची वजावट जातां, जवळजवळ तिप्पट होतो. वेगाची गरज मुळांतच थोडी असल्यानें हा सौदा परवडतो. किंमत येथेंहि आहे. दांत सैल बसले तर तार मागें घेतांना विलंब होतो. लहान मोटार तापली तर ती ऊब चाकांत उतरते, तार मऊ पडते आणि पकड सुटते. पीएलए जातीचें प्लॅस्टिक ६० अंशांच्या सुमारास मऊ होऊं लागतें; सांगलीच्या उन्हाळ्यांत त्याला फारशी सवड उरत नाहीं.

म्हणून जाणता रचनाकार वजन सरसकट कापीत नाहीं. चाकांचे आंस धरणाऱ्या भिंती तो जाड ठेवतो. जेथून जोर जात नाहीं, तेथलें द्रव्य काढतो. चाकांपासून तापत्या नळीपर्यंतची वाट आंखूड व बंदिस्त करतो.

हें ज्ञान आज कोणाची मिरास नाहीं. स्कॉट क्रम्प यांना या पद्धतीचें अमेरिकन पेटंट १९९२ सालीं मिळालें. त्याची मुदत २००९ सालीं संपली. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत एड्रियन बॉयर यांनीं २००५ सालीं सुरू केलेल्या ‘रेपरॅप’ उपक्रमानें यंत्राचे आराखडे सर्वांस खुले केले.

किर्लोस्करवाडीस १९१० सालीं कारखाना उभा राहिला आणि तेथून लोखंडी नांगर शेतांत गेले. अवजार बळकट हवें, पण त्याचें ओझें अखेर बैलाच्या खांद्यावर पडतें, हें या भागांतील लोहारास सांगावें लागत नाहीं. नव्या यंत्रापुढें बसणाऱ्या तरुणानेंहि तोच हिशेब करावा. काम सावकाशीचें असेल, तर जड मोटारहि निमूट चालते; हलकेपणासाठीं पैसा मोजण्यापूर्वीं आपणांस घाई किती, हें त्यानें आधीं ठरवावें.