परडीतली हंगामी फुले



तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याचा रोख माणसाकडे असतो. तेरड्याचा बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही. तो हंगामी झाड आहे. बी रुजले, रोप वाढले, फुलले, बी धरले आणि वाळले, असा त्याचा सारा संसार एका हंगामात आटोपतो. झेंडू, कोंबडा, झिनिया हे सगळे त्याचेच भाऊबंद. अशी झाडे परडीत किंवा कुंडीत वाढवून आपल्या अहेरीच्या बाजारात विकता येतील का, आणि विकायची तर कशी, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, या रानात फुले विकत कोण घेणार? पण दसऱ्याच्या सकाळी बाजारात उभे राहून पाहा. अहेरीच्या राजवाड्याचा दसरा म्हणजे आसपासच्या गावांची गर्दी. त्या दिवशी दाराला तोरण हवे, बैलगाडीला, सायकलला, ट्रॅक्टरला माळ हवी. सकाळी जो झेंडू हातोहात जातो, तोच संध्याकाळी ढिगाने पडून राहतो आणि विकणारी बाई तो तिथेच टाकून घरी जाते. तोडलेल्या फुलाला एकच दिवस असतो. मुळासकट परडीत असलेल्या झाडाला मात्र दसऱ्यानंतर दिवाळीही असते. माझा सारा मुद्दा एवढाच आहे. पण तो साधायचा तर झाड दसऱ्याला फुललेले पाहिजे, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

माझीही झाली. एका वर्षी दसरा 24 ऑक्टोबरला होता. पुढे दोन वर्षांनी मी त्याच इंग्रजी तारखेच्या अंदाजाने बी टाकले आणि झेंडू फुलला तो दसरा होऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी. शेजारची पोरे फुले घेऊन गेली, आणखी काय होणार? कारण साधे आहे. दसरा 2023 साली 24 ऑक्टोबरला आला, 2024 साली 12 ऑक्टोबरला आणि 2025 साली 2 ऑक्टोबरला. झाड दिवस मोजते आणि गिऱ्हाईक तिथी मोजते. या दोघांची गाठ आपण घालून द्यायची.

आता ही गाठ आपल्या सणांनीच कशी घातली आहे पाहा. बुटका मखमली झेंडू पेरणीपासून साधारण 60 ते 65 दिवसांत फुलतो. नागपंचमीपासून दसरा 64-65 दिवसांवर असतो आणि पोळ्यापासून 40-41 दिवसांवर. म्हणजे नागपंचमीला बी टाकावे, पोळ्याला 24-25 दिवसांचे रोप परडीत लावावे, आणि दसऱ्याला फूल घ्यावे. उंच वाढणाऱ्या मोठ्या गोंड्याच्या झेंडूला मात्र 85 दिवस धरावेत. त्याचे बी आखाडीला, म्हणजे आषाढी पौर्णिमेला पडले पाहिजे. जातीप्रमाणे आणि ढगाळ हवेप्रमाणे चार-सहा दिवस इकडेतिकडे होतात, ते चालायचेच.

एक खोच मात्र आहे. अधिक महिना मध्ये घुसला की हा हिशेब मोडतो. 2020 साली अधिक आश्विन होता. त्या वर्षी पोळ्यापासून दसरा 68 दिवसांवर गेला. ज्यांनी पोळ्याकडे पाहून रोपे लावली, त्यांचा पहिला बहर दसऱ्याच्या आधीच ओसरला असणार. तेव्हा पंचांग उघडून दसऱ्यापासून मागे मोजत यावे हे बरे. गुरुजींना माझी विनंती आहे की हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या. 2 ऑक्टोबरमधून 85 दिवस मागे गेले की 9 जुलै येतो, हे मुलाने स्वतः मोजून काढले तर वजाबाकीही पक्की होते आणि महिन्यांचे दिवसही.

परडीकडे वळू. शहरात टांगायच्या कुंड्या प्लॅस्टिकच्या मिळतात. मला त्या आवडत नाहीत, आणि आपल्याला त्यांची गरजही नाही. गडचिरोलीसारख्या बांबूच्या जिल्ह्यात राहून आपण परगावचे प्लॅस्टिक का टांगावे? 2017 साली कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर, म्हणजे तुमच्या धुऱ्यावर किंवा सांदवाडीत वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. बुरुडाकडून हातभर घेराची, वीतभर खोल परडी विणून घ्या आणि सुतळीचे शिंके करून ती पडवीच्या वाशाला टांगा. ओल्या मातीने परडी एका हंगामात कुजते, ही गोष्ट खरी. पण आतले झाड तरी कुठे दुसरा हंगाम पाहणार आहे? दोघांचे आयुष्य सारखेच, आणि पुढच्या वर्षी बुरुडालाही काम मिळते.

परडीला आतून जुन्या पोत्याचे अस्तर द्यावे म्हणजे माती गळत नाही आणि जादा पाणी निथळून जाते. माती नुसती बांधीतली भरली तर ती दगडासारखी घट्ट होते, शिवाय परडी जड होऊन सुतळी तुटते. दोन वाटे माती, एक वाटा चाळलेले जुने शेणखत आणि एक वाटा भाताचा जळका तूस घ्यावा. जळका म्हणजे कोळशासारखा काळा झालेला. पांढरी राख नव्हे, राखेने माती खारवते. आणि कच्चा तूसही नको. तो कुजताना मातीतले नत्र स्वतःच खातो आणि रोप पिवळे पडते. हे कळले नाही की लोक वरून युरिया टाकतात. मग पाने हिरवीगार होतात आणि फूल काही येत नाही.

बी टाकताना खरी भीती असते ती श्रावणातल्या पावसाची. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा किंवा पडवीच्या कडेला पसरट टोपलीत बी टाकावे. वर तणसाचा पातळ थर द्यावा. चार ते सात दिवसांत अंकुर दिसतील. दिसले की त्याच संध्याकाळी तणस काढा. एक दिवसाचा आळस केलात तर रोपे पांढरी, लांबुडकी होतात. बी दाट पडले आणि पाणी जास्त झाले की रोपांची मान जमिनीलगत कुजते आणि ती एका रात्रीत आडवी होतात. त्याला औषधापेक्षा विरळ पेरणी हा उपाय चांगला.

एका परडीत मखमली झेंडूची तीन रोपे पुरतात. त्याचा शेंडा खुडू नका. त्याला आपोआपच फुटवे येतात, आणि खुडला तर फुले लांबतात. कडेने चिनी गुलाबाच्या चार काड्या खोचाव्यात. त्याला बी विकत घ्यावे लागत नाही, काडीला मूळ फुटते आणि वेल परडीबाहेर झुलतो. याची एक खोड ध्यानात ठेवा. त्याची फुले उन्हात उमलतात आणि ढगाळ हवेत, संध्याकाळी मिटून बसतात. तेव्हा ही परडी बाजारात न्यायची ती उन्हाच्या वेळीच. टांगलेली परडी चारी बाजूंनी वाळते. हाताने उचलून पाहावी, हलकी लागली की पाणी द्यावे.

आता विक्रीचे. पूर्ण फुललेली परडी पाहून गिऱ्हाईक भुलते हे खरे, पण ती घरी नेल्यावर आठवडाभरात सुकली की ते तुम्हाला नावे ठेवते, आणि आपल्यासारख्या लहान गावात नाव जायला वेळ लागत नाही. दोन-चार फुले उमललेली आणि बाकी सारी कळ्यांनी भरलेली अशी परडी विका. सोबत दोन गोष्टी सांगा: वाळलेले फूल खुडत राहिले तर दिवाळीपर्यंत नवी फुले येतील, आणि हे झाड हंगामी आहे, ते पुढे मरणारच. दुसरी गोष्ट सांगायला बरेच जण कचरतात. दसरा ते दिवाळी अवघे एकोणीस-वीस दिवस. तेवढे जे झाड फुलले ते घरच्या बाईच्या लक्षात राहते.

अहेरी, सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी बाजार आणखी आधी उघडतो. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणात बतुकम्मा खेळतात. 2014 पासून तो त्या राज्याचा राज्योत्सव आहे. अलीकडच्या तेलुगू घरांतही तो होतो. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस फुलांचे थर रचायचे आणि शेवटी पाण्यात सोडायचे. त्यात तंगेडु म्हणजे तरवड, बंती म्हणजे आपला झेंडू, आणि गुनुगु म्हणजे धुऱ्यावर आपोआप उगवणारा कुर्डू. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो, त्याला तिथे मान आहे. कुर्डूचाच बागेतला भाऊ कोंबडा. तो परडीत फार शोभतो, पण त्याचे रोप वाफ्यात अडकून म्हातारे झाले की बोटाएवढाच तुरा येतो. चार-सहा पाने झाली की लगेच हलवा.

पेटुनिया, फ्लॉक्स ही थंडीची फुले. त्यांना पाऊस सोसत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बी टाकले की जानेवारीत बहर येतो, आणि 26 जानेवारीला शाळेच्या ओट्यावर, ग्रामपंचायतीच्या दारात टांगायला परड्या हव्याच असतात. बचत गटाच्या बायांनी दिवाळीतच जाऊन मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे.

राहिले बियाणे. पाकिटावर संकरित असे लिहिले असेल तर त्या झाडाचे बी धरून उपयोग नाही. पुढच्या वर्षी कोणी उंच, कोणी एकेरी, अशी मिसळ निघते. गावठी झेंडूचे मात्र जरूर धरा. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत दाट फुललेल्या झाडाला दोरा बांधून ठेवा आणि त्याची फुले दसऱ्याला कोणी कितीही मागितली तरी तोडू देऊ नका. ती झाडावरच वाळू द्या. मग बी सावलीत सुकवून, झाकणाच्या बाटलीत घालून, वर वर्ष लिहून चुलीपासून दूर ठेवा. ही बाटली पुन्हा उघडायची ती नागपंचमीला.