सिगारेट सुटली, पण कोलेस्टेरॉल तेवढेच?



आम्हा डॉक्टरांना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. "तुमच्या सांगण्यावरून सहा महिने सिगारेटला हात लावला नाही. कोलेस्टेरॉल जवळजवळ तेवढेच आहे, वजन मात्र वाढले. मग सोडून मिळवले काय?" याचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर माणूस पुन्हा पानाच्या गुमटीवर जाऊन उभा राहतो. म्हणून आज एवढ्याच विषयावर बोलणार आहोत.

रिपोर्टमध्ये दोन आकडे पाहावेत. एलडीएल रक्तवाहिन्यांत साचते, तर एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते. धूम्रपानाने एचडीएल घटते आणि सोडल्यावर थोडे वाढते. एलडीएल मात्र केवळ सिगारेट सोडून फारसे उतरत नाही. ते आहार, आनुवंशिकता, थायरॉइड यांवरही अवलंबून असते. म्हणून त्याची गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये.

मोठा फायदा या रिपोर्टमध्ये दिसतच नाही. धुराने रक्तवाहिनीचे आतले अस्तर खराब होते आणि रक्ताची गुठळी लवकर धरते. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब वाढतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. सिगारेट सोडल्यावर हा वायू एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, आणि 15 वर्षांत तो कधीच न ओढणाऱ्याच्या जवळपास पोहोचतो. वजन चार-पाच किलो वाढले, तरी हृदयाचा हिशेब नफ्यातच राहतो. ते वजन चालण्याने आणि ताटावर लक्ष ठेवून उतरवता येते.

"मी दिवसाला एकच ओढतो," असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रोज 20 सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा पुरुषांमध्ये रोजच्या एका सिगारेटीनेही वाढतो. तेव्हा कमी करणे ही पायरी समजा, मुक्काम नव्हे. बिडीलाही हेच लागू.

एकट्याने जमत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. तलफ कमी करणारी औषधे आहेत. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

घरच्यांना एक विनंती. सोडणाऱ्याला "बघू किती दिवस टिकतंय" असे म्हणू नका. तो चिडचिडा होईल, पहिले काही आठवडे सांभाळून घ्या. एकदा घसरला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करू द्या.

गणपती बाप्पा मोरया!